हायड्रोजनची कसोटी सांध्यावर

हायड्रोजनवर धावणाऱ्या बसमधून धूर नव्हे, तर केवळ पाण्याची वाफ बाहेर पडते, हे आता बहुतेकांना ठाऊक आहे. मात्र ही बस किती वर्षे टिकेल आणि ती परवडेल काय, याचा निर्णय डोळ्यांना न दिसणाऱ्या एका सांध्यावर होत असतो.

इंधनघटात, म्हणजेच फ्युएल सेलमध्ये, मधोमध एक पातळ पडदा असतो. त्याच्या दोन्ही बाजूंना कार्बनवर बसवलेले प्लॅटिनमचे अतिसूक्ष्म कण असतात. वायू, प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन या तिघांच्या वाटा ज्या कणापाशी एकत्र येतात, तेवढाच कण कामाचा. उरलेले महागडे प्लॅटिनम वाया जाते. वायू, द्रव आणि प्लॅटिनम जेथे भेटतात, तो पृष्ठभाग महत्त्वाचा, हे ब्रिटिश शास्त्रज्ञ विल्यम ग्रोव्ह यांनी १८४२ मध्येच ओळखले होते.

हा सांधा नाजूक असतो. तो कोरडा पडला तर प्रोटॉन अडतात, पाणी साचले तर ऑक्सिजन अडतो. गाडी वारंवार चालू-बंद केल्यास प्लॅटिनम विरघळते, कार्बन झिजतो. शिवाय घट उघडला की आतील पाण्याची मूळ स्थिती मोडते. म्हणूनच स्वित्झर्लंडमधील पॉल शेरर संस्थेत न्यूट्रॉनच्या झोताने चालू घटातील पाणी पाहिले जाते. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाने अवजड ट्रकच्या इंधनघटांसाठी २०३० पर्यंत २५ हजार तास आयुष्याचे लक्ष्य ठेवले, ते याच झिजेवर मात करण्यासाठी.

भारतातही या विषयाची जाण आहे. 'सीएसआयआर' आणि 'केपीआयटी' यांनी विकसित केलेली इंधनघटावरील बस ऑगस्ट २०२२ मध्ये पुण्यात सादर झाली. त्यानंतर जानेवारी २०२३ मध्ये केंद्राने राष्ट्रीय हरित हायड्रोजन मोहिमेसाठी १९,७४४ कोटी रुपये मंजूर केले. त्यातील १७,४९० कोटी इलेक्ट्रोलायझरची निर्मिती व हायड्रोजन उत्पादनाच्या प्रोत्साहनासाठी आहेत, तर संशोधनाच्या वाट्याला अवघे ४०० कोटी, म्हणजे सुमारे दोन टक्के आले.

उत्पादनाला चालना हवीच. इलेक्ट्रोलायझरमध्येही अखेर असाच सांधा असतो. परंतु त्याचे ज्ञान आपले नसेल, तर पडदा आणि उत्प्रेरक बाहेरूनच आणावे लागतील. खनिज तेलाचे परावलंबित्व संपवताना सुट्या भागांचे नवे परावलंबित्व पदरी पडू नये, याचा विचार धोरणकर्त्यांनी आताच करायला हवा.