किल्ली कोणाकडे आहे?

परवा दादाचा फोन आला. नाशिकला त्याने फ्लॅट घेतलाय, गुंतवणूक म्हणून. "भाड्याने-बिड्याने देणार नाही बुवा. कुलूप लावायचं, भाव वाढला की विकायचं. उगाच कोणी ठाण मांडून बसलं तर?"

मला हसूच आलं. आमच्या फ्लॅटमध्ये लोक ठाण मांडून बसले ते त्या कुलपामुळेच! नातेवाईकांना हा किस्सा अर्धवट माहीत आहे, म्हणून एकदा सगळा लिहून टाकतो.

पुण्याबाहेरचा आमचा फ्लॅट २०११ पासून बंद होता. किल्ली वॉचमनकडे, अधूनमधून खिडक्या उघडायला. करोनाच्या दोन वर्षांत आम्ही तिकडे फिरकलोच नाही. २०२२ मध्ये गेलो तर बाल्कनीत कपडे वाळत होते! बेल वाजवली. एका बाईंनी दार उघडून विचारलं, "कोण पाहिजे?" स्वतःच्याच दारात उभं राहून याचं काय उत्तर द्यायचं?

वॉचमनने घर परस्पर भाड्याने देऊन टाकलं होतं आणि नोकरी सोडून तो गावी गेला होता. या लोकांनी त्याला वीस हजार डिपॉझिट दिलं होतं. म्हणजे त्यांच्या लेखी ते घुसखोर नव्हतेच.

सल्ले भरपूर मिळाले. एक एजंट म्हणाला, "चार पोरं पाठवतो, तासाभरात मोकळं." खोटं कशाला बोलू, एक रात्र मोह झाला होता. वकिलांनी थांबवलं. १९६३ च्या स्पेसिफिक रिलीफ अॅक्टच्या कलम ६ नुसार, कायद्याचा मार्ग सोडून बाहेर काढलेला माणूस सहा महिन्यांच्या आत दावा लावून ताबा परत मागू शकतो, आणि तिथे मालक कोण हा प्रश्नच येत नाही. म्हणजे दांडगाई करून आपणच आरोपीच्या पिंजऱ्यात!

"बारा वर्षं राहिला की घर त्याचं" हेही अर्धवट ज्ञान. तो ताबा उघडपणे, मालकाचा हक्क नाकारून आणि सलग असावा लागतो. गोव्यातल्या एका बहीण-भावाच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने २०१२ मध्ये स्पष्ट सांगितलंय की राखणदार किंवा नोकर कितीही वर्षं राहिला तरी त्याला घरात हक्क मिळत नाही. जो हक्क वॉचमनलाच नव्हता, तो त्याने यांना कुठून दिला असणार?

शेवटी त्यांच्याच (म्हणजे आमच्याच!) हॉलमध्ये बसून बोललो. मुलांची परीक्षा होईपर्यंत मुदत दिली, वकिलांकडून लेखी करून घेतलं. ते शब्दाला जागले. त्यांचे बुडालेले वीस हजार आपण का द्यायचे यावर आमच्याकडे बरंच भांडण झालं. निम्मे दिले. बरोबर केलं की चूक, अजून ठरत नाही.

माझं मत एवढंच. भाडेकरूची ही भीती १९४७ च्या बॉम्बे रेंट अॅक्टच्या काळातली आहे. २००० पासून महाराष्ट्रात नवा भाडे नियंत्रण कायदा लागू आहे. लीव्ह अँड लायसन्सचा करार लेखी करून रजिस्टर केला, तर मुदत संपल्यावर न हलणाऱ्याला दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. २०११ च्या जनगणनेत देशातल्या शहरांत एक कोटी दहा लाखांच्या आसपास घरं रिकामी होती. एकीकडे लोक घर शोधत वणवण फिरतात आणि दुसरीकडे आपण बंद खोल्यांचा मेंटेनन्स भरतो. घर माणसांसाठी असतं हे आपण विसरलोय की काय?

आमच्याकडे आता रीतसर करार केलेलं एक जोडपं राहतंय. बाल्कनीत कपडे वाळताना दिसले की बरं वाटतं.

असो. दादा, नाशिकची किल्ली कोणाकडे दिली आहेस?