फॉर्मची तारीख जाण्याआधी: सिकलसेलच्या मुलांसाठी आवाहन

हिवाळी परीक्षेचे फॉर्म सुरू झालेत. तुमच्या घरात, वर्गात, शेजारी सिकलसेलचं कॉलेजात शिकणारं पोर असेल, तर हे त्याला आजच वाचून दाखवा. तारीख गेल्यावर कितीही हात जोडले तरी खिडकीतला माणूस मान वर करत नाही. मी जोडून पाहिलेत.

मी एसएस, म्हणजे सिकलसेलची रुग्ण. गेल्या डिसेंबरात दुसऱ्या पेपरला डोक्यावर पंखा गरगरत होता आणि पाण्याची बाटली दाराबाहेर ठेवायला लावली होती. गारठा आणि पाण्याची कमतरता, दोन्ही आमच्या दुखण्याला आवतण. पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांत अडकतात. दीड तासाने खांद्यात कळ उठली, मनगटापर्यंत उतरली. पेन धरवेना. पर्यवेक्षक म्हणाले, "चांगली धडधाकट तर दिसतेस!" दिसतेच. तीच तर गोची आहे. तीन प्रश्न कोरे सोडून निघाले ते थेट सलाइनवर.

माझ्या दिव्यांग प्रमाणपत्रावरचा आकडा ४० टक्क्यांच्या खाली म्हणून कॉलेजने जादा वेळेचा अर्ज आधीच परत केला होता, आणि मीही तो गुमान परत घेतला होता. चूक दोघांची. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया आहेत, मल्टिपल स्क्लेरोसिसही आहे. ४० टक्क्यांची अट प्रवेशातल्या ५ टक्के राखीव जागांसारख्या लाभांसाठी. लेखनिक द्यायलाही तीच अट लावणं सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये विकाश कुमार खटल्यात अमान्य केलं. ऑगस्ट २०२२ च्या केंद्राच्या सूचना तर स्पष्टच होत्या: लिहायला अडचण असल्याचं सक्षम सरकारी डॉक्टरांचं प्रमाणपत्र असेल, तर ४० च्या खालीही लेखनिक आणि तासाला किमान २० मिनिटं जादा.

तेव्हा मुलांनो, या आठवड्यात सिव्हिल हॉस्पिटल गाठा. यूडीआयडी, म्हणजे दिव्यांग ओळख कार्डासाठी स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करा. कार्ड येईपर्यंत पावती आणि उपचारांचे कागद जोडून प्राचार्यांना लेखी अर्ज द्या. आवक क्रमांक घेतल्याशिवाय हलू नका. काय हवं ते नाव घेऊन मागा: तळमजला, पंख्यापासून लांबचा बाक, जवळ पाणी, जादा वेळ, अ‍ॅडमिट असलेल्या दिवसांची हजेरी. नाही म्हणाले तर तेही लेखी मागा, तक्रार पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तालयापर्यंत नेता येते.

आईबाबांनो, पोरीचं लग्न अडेल म्हणून कार्ड दडवू नका. तिचं वर्ष अडतंय.

प्राध्यापकांनो, वर्गात एकदा विचारा, पण सगळ्यांसमोर उभं करून नको.

आणि खालच्या वर्गातल्या पोरांनो, लेखनिक म्हणून आजच ऑफिसात नाव द्या. पेपर तीन तासांचा, वर एक तास जादा. घरी तसं सांगून या, आणि येताना स्वेटर आणा. पंखा बंद असला तरी डिसेंबर आहे.