पत्र्याखालचा उन्हाळा

मेहकर तालुक्यातील जानेफळ असो की दुसरे कोणतेही गाव, मे महिन्यात आमच्या वस्तीतला पत्रा भट्टीसारखा तापतो. 22 सप्टेंबर 2025 पासून सरकारने एसीवरील जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आणला. एसी घेणाऱ्याला कोणी दाखला मागत नाही. मात्र डोक्यावरचा पत्रा काढून रमाई घरकुल मिळवायचे तर जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, जागेचा उतारा, यादीत नाव आणि मग हप्त्यांची वाट! पिढ्यान्‌पिढ्या गायरानावर राहणाऱ्याने उतारा कोठून आणावा? 2016 च्या प्रधानमंत्री आवास योजनेने सपाट भागात एका घराला 1 लाख 20 हजार रुपये धरले. एवढ्यात स्लॅब पडतो काय? उरलेल्या पैशासाठी सावकाराचेच दार.

हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून संरक्षण हा संविधानाच्या कलम 14 व 21 खालील हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने 21 मार्च 2024 रोजी मान्य केले. म्हणजे सावली ही कोणाची मेहरबानी नव्हे. म्हणून आमची मागणी साधी आहे : गायरानावरील घरे नियमानुकूल करा, हप्ते उन्हाळ्यापूर्वी द्या. बांधवांनो, येत्या ग्रामसभेत हे ठणकावून विचारा. गप्प बसलो तर पत्रा तसाच राहील!