लहान गाडी आणि अवजड रस्ता

अगदी लहान मोटार शहरासाठी सोयीची की जिवावर बेतणारी, हा वाद दर काही वर्षांनी नव्याने सुरू होतो. 2008 साली टाटांची 'नॅनो' जाहीर झाली तेव्हा तो झाला. 2019 साली बजाजची 'क्यूट' रस्त्यावर आली तेव्हा झाला. विजेवर चालणाऱ्या दोन-तीन आसनी गाड्या येऊ लागल्याने आज पुन्हा होत आहे. या वादात गाडीची चिकित्सा होते, रस्त्याची मात्र होत नाही. ठाण्याचा घोडबंदर रस्ता डोळ्यांपुढे ठेवला की ही उणीव ध्यानात येते.

लहान गाडीची कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णी यांनी स्वातंत्र्यानंतरच्या काळात 'मीरा' ही छोटी मोटार स्वतःच्या हिमतीवर घडविली. कारखान्यातून ती कधी बाहेर पडली नाही. पुढे 'नॅनो'चा जन्म झाला तो स्कूटरवर पावसात भिजत जाणारे चौघांचे कुटुंब पाहून, असे रतन टाटा सांगत. त्या चित्रातले वास्तव नाकारता येणार नाही. केंद्र सरकारच्याच आकडेवारीनुसार 2022 साली देशात रस्त्यावर 1,68,491 माणसे मेली आणि त्यांत 44 टक्क्यांहून अधिक दुचाकीवरची होती. तेव्हा ज्याला पर्याय केवळ दुचाकीचा आहे, त्याच्या डोक्यावर छप्पर आणि भोवती चार दारे देणाऱ्या गाडीची मोठ्या गाडीत बसून टिंगल करणे हा निव्वळ वर्गीय उद्दामपणा होय.

परंतु गरजूच्या नावाने काहीही विकावे असा याचा अर्थ नव्हे. 2014 साली ग्लोबल एनकॅपच्या धडक चाचणीत 'नॅनो'ला शून्य तारे मिळाले. 2016 साली युरोपातील चाचणीत 'क्यूट'ला एकच मिळाला. दोष आकाराचा असे म्हणावे तर त्याच 2014 च्या चाचणीत फोक्सवॅगन पोलोही हवाउशांविना शून्यावर राहिली, आणि दोन हवाउशा बसविताच चार ताऱ्यांवर गेली. म्हणजे मुद्दा खर्चाचा आहे, आणि किंमत खाली आणताना विक्रेता कशावर कात्री चालवतो याचा आहे. 2018 साली 'क्वाड्रिसायकल' खाजगी वापरासाठी मान्य झाली, पण मोटारीचे निकष तिला लागू नाहीत. 2023 साली सुरू झालेल्या भारत एनकॅपच्या कक्षेतही ती येत नाही. स्वस्त वाहनातील जीवही स्वस्त, असा हा न्याय झाला. जपानने आपल्या 'केई' गाड्यांना करसवलत दिली, आणि सुरक्षिततेसाठी 1998 साली त्यांची अनुमत लांबी 3.4 मीटरपर्यंत वाढविली. सवलत आणि सक्ती तेथे हातात हात घालून आली.

आता रस्त्याकडे पाहू. न्हावाशेव्याच्या बंदराहून गुजरातकडे जाणारे कंटेनर आणि वाघबीळ, कासारवडवलीच्या इमारतींतून कामाला निघालेली माणसे घोडबंदरच्या एकाच डांबरावर धावतात. मेट्रोच्या कामाने हा रस्ता वर्षानुवर्षे आवळला गेला. पावसाळ्यात गायमुखाच्या घाटात खड्डे पडतात, आणि लहान चाकाला प्रत्येक खड्डा मोठा असतो. दोन वाहने आदळली की धक्का वजनाच्या व्यस्त प्रमाणात वाटला जातो. अर्ध्या टनाच्या गाडीला दीड टनाच्या गाडीच्या तिप्पट धक्का बसतो. भरलेल्या कंटेनरपुढे तर हिशेबच उरत नाही. म्हणून ज्याला परवडते तो अधिक जड गाडी घेतो. त्याची सुरक्षितता वाढते आणि तेवढीच शेजाऱ्याची घटते. अर्थशास्त्राच्या भाषेत हा खर्च दुसऱ्यावर ढकलणे होय. साध्या भाषेत, ही रस्त्यावरची शस्त्रस्पर्धा आहे.

शासन या स्पर्धेला खतपाणीच घालते. सप्टेंबर 2025 मध्ये जीएसटी 18 टक्क्यांवर आला तो चार मीटरच्या आतील, ठरावीक इंजिनक्षमतेच्या गाड्यांसाठी. वजनाची अट त्यात नाही. परिणामी चार मीटरांत बसविलेली उंच, जड एसयूव्हीही 'लहान गाडी' म्हणून सवलत घेते.

सोयीचेही तेच. 'क्यूट' पावणेतीन मीटर लांबीची. वाहनतळाची जागा तिने वाचते हे खरे. तरी बारा मीटरच्या बसच्या जागेत अशा चारच गाड्या मावतात, आणि त्यांत फार तर सोळा माणसे. बसमध्ये त्याच्या दुपटीहून अधिक प्रवासी नुसते बसून जातात. लहान गाडी ही मोठ्या गाडीला पर्याय आहे, बसला नव्हे.

म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात. मोटारीची करसवलत लांबीबरोबर वजनाशीही जोडावी. क्वाड्रिसायकलीला धडक चाचणी सक्तीची करावी आणि तिचा निकाल विक्रीच्या ठिकाणी लावावा. घोडबंदरवर अवजड वाहनांच्या वेळेचे बंधन कागदावर न राहता पाळले जावे, आणि ठाणे परिवहनच्या बसला मोकळी वाट मिळावी. वॉर्डावॉर्डांतील सभांतून खड्ड्यांचा प्रश्न मांडणाऱ्या कार्यकर्त्यांनी त्याच दमात हेही मांडले पाहिजे. सुरक्षितता ही शोरूममध्ये पैशाने विकत घेण्याची वस्तू राहिली, तर रस्ता नेहमी सर्वांत जड गाडीचाच राहील.