मुलांच्या हृदयाचे ठोके आणि छोट्या देशाचे गणित

आयर्लंडची राजधानी डब्लिनजवळचे ब्लँचर्डस्टाउन हे उपनगर आपल्या वाचकांना लिओ वराडकर यांच्यामुळे ठाऊक असेल. त्यांचे वडील मालवण तालुक्यातील वराड गावचे. मुलगा ब्लँचर्डस्टाउनला वाढला, डॉक्टर झाला आणि २०१७ साली त्या देशाचा पंतप्रधान झाला. आपले पूर्वज कोकणातून आले, म्हणून आपल्याला त्याचे कौतुक असणे स्वाभाविक आहे. पण या उपनगराकडे लक्ष देण्याचे आणखी एक कारण आहे. छोट्या देशाने आजारी मुलांची सोय कशी लावावी, या प्रश्नाचे एक उत्तर तेथे उभे आहे.

वराडकर २०१४ ते २०१६ या काळात आरोग्यमंत्री होते. डब्लिनच्या सेंट जेम्स रुग्णालयाच्या आवारात एक राष्ट्रीय बालरुग्णालय आणि शहराच्या कडेला दोन छोटी केंद्रे, ही योजना त्या काळात पुढे सरकली. त्यांपैकी ब्लँचर्डस्टाउनच्या कॉनोली रुग्णालयातील केंद्र जुलै २०१९ मध्ये उघडले. किरकोळ दुखापत किंवा आजार असलेल्या मुलाला तेथे तपासून घरी पाठवतात; दुखणे मोठे असेल तर पुढे धाडतात. मुख्य रुग्णालयाचे काम मात्र रखडत गेले. २०१७ साली सुमारे ९८ कोटी युरो धरलेला खर्च २०२४ साली २ अब्ज २४ कोटींवर गेला. यावर टीका झाली, आणि ती योग्यच होती. तरी मूळ विचार खोटा ठरत नाही: साधे उपचार घराजवळ, अवघड उपचार एकाच ठिकाणी.

हृदयाच्या ठोक्यांच्या विकारात हा विचार विशेष पटतो. काही मुलांच्या हृदयात विजेच्या लहरीला जन्मतःच एक जादा वाट असते. त्यामुळे ठोके एकाएकी मिनिटाला दोनशेच्या वर जाऊ शकतात. मांडीच्या शिरेतून बारीक नळी हृदयापर्यंत नेऊन ती वाट उष्णतेने जाळतात किंवा गोठवतात. यालाच कॅथेटर अब्लेशन म्हणतात. १९९० नंतर हा उपाय मुलांवरही रूढ झाला.

त्याचा निकाल काय? अमेरिकेतील मुलांच्या एका मोठ्या पाहणीत शंभरांपैकी सुमारे ९५ जणांत उपचार साधला. पण त्यांतल्या दहा-अकरा टक्के मुलांचा विकार वर्षभरात परतला. वाट उजव्या बाजूला, हृदयाच्या मधल्या पडद्याशी असेल, तर हे प्रमाण पंचवीस टक्क्यांच्या आसपास गेले. हृदयाची नैसर्गिक वाट जवळच असल्यास तिला धक्का बसून पेसमेकर बसवण्याची वेळ येऊ शकते. गोठवण्याने हा धोका कमी होतो, पण विकार परतण्याची शक्यता वाढते. तान्ह्या बाळांत जादा वाट पुष्कळदा पहिल्या वर्षात आपोआप थंडावते. म्हणून वजन १५ किलोच्या आत असेल तर डॉक्टर शक्यतो औषधांवर थांबतात. कोकरांवरील प्रयोगांत काही व्रण शरीराबरोबर वाढलेले दिसले, हेही सावधपणाचे एक कारण आहे.

बहुतेक मुले पुढे औषधांवाचून धावतात, खेळतात. पण हे यश सरावलेल्या हातांवर आणि वर्षानुवर्षांच्या तपासणीवर अवलंबून आहे. छोट्या देशात अशी मुले थोडी. ती तीन रुग्णालयांत वाटली, तर एकाही डॉक्टरचा हात बसत नाही. हेच ओळखून २०१४ च्या तज्ज्ञ-अहवालानंतर बेलफास्टच्या मुलांच्या हृदयशस्त्रक्रियाही डब्लिनच्या क्रमलिन रुग्णालयाकडे सोपवण्यात आल्या. बेट एक, राज्ये दोन, तरी केंद्र एक. आईबापांना लांबचा प्रवास पडतो, ही त्याची किंमत होय.

आपले बेट तर याहून छोटे. आपले मूल उपचारासाठी भारतात गेले, तर तेथील काम एका दिवसाचे; पुढली दहा वर्षे त्याला पाहायचे आपल्याच डॉक्टरांनी. म्हणून आईबापांनी तेथे विचारावे: या वयाची किती मुले तुमच्या हातून गेली? या जागेचा विकार कितपत परततो? थोडे थांबता येईल का? परतताना आधीचा आणि नंतरचा ईसीजी, तसेच कोणती वाट कोठे बंद केली याची लेखी नोंद मागून घ्यावी.

सरकारनेही विमानाच्या तिकिटापाशी न थांबता परतलेल्या प्रत्येक मुलाची नोंदवही ठेवावी. मूल बरे झाले की नाही, हे विमानतळावर कळत नाही. ते पुढल्या दहा वर्षांच्या तपासणीत कळते.