गाडीला माहेरचं बोलावणं

नवी गाडी घरी आली की आपण काय करतो? हार घालतो, चाकाखाली लिंबू ठेवतो, शेजारीपाजारी पेढे वाटतो. झालं! आता गाडी आपली आणि बिघडली तर खर्चही आपलाच. असंच ना?

पण नेहमी तसं नसतं बरं का! कधी कधी चूक कारखान्यातच राहून गेलेली असते. मग कंपनी त्या गाड्या परत बोलावते आणि एक पैसाही न घेता दोष दूर करून देते. याला म्हणतात ‘रिकॉल’. गाडीला माहेरचं बोलावणंच म्हणा ना!

२०२१ सालची नाशिकची गोष्ट पाहा. महिंद्र कंपनीच्या तिथल्या कारखान्यात एके दिवशी दूषित इंधन आलं. त्यामुळे इंजिनाचे भाग लवकर झिजतील, अशी कंपनीला शंका आली. मग २१ जून ते २ जुलै या काळात बनलेल्या, सहाशेहूनही कमी डिझेल गाड्या कंपनीने तपासायला बोलावल्या. तपासणी आणि दुरुस्ती, दोन्ही फुकट!

आता तुम्ही म्हणाल, “आमची गाडी तर छान पळते!” पण काही दोष डोळ्यांना दिसतच नाहीत. जपानच्या ताकाता कंपनीच्या एअरबॅगांचं तसंच झालं. एअरबॅग फुगवणारं रसायन वर्षानुवर्षं उष्ण, दमट हवेत राहिलं की खराब व्हायचं. मग अपघाताच्या वेळी ते प्रमाणाबाहेर जोराने पेटायचं आणि धातूचे तुकडे उडायचे. जीव वाचवणारी वस्तूच जिवावर उठायची! जगभरात अशा कोट्यवधी एअरबॅगा बदलाव्या लागल्या. भारतातल्याही अनेक गाड्या त्यात होत्या. आणि आपल्या पनवेलची हवा कशी आहे, ते मी वेगळं सांगायला हवं का? शिवाय घाट चढायचा तर एक्स्प्रेसवे आणि कोकणात जायचं तर गोवा महामार्ग, दोन्ही आपल्या दारातच. अशा रस्त्यांवर गाडीतला लपलेला दोष महागात पडतो.

पूर्वी रिकॉल कंपनीच्या मर्जीवर असे. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल २०२१ पासून नवे नियम आले. आता गाडी सात वर्षांच्या आतली असेल आणि दोष सुरक्षेचा असेल, तर सरकार कंपनीला रिकॉल करायला लावू शकतं. न ऐकणाऱ्या कंपनीला एक कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

मग बोलावणं आपल्यापर्यंत पोचतं कसं? कंपनी पत्र, फोन किंवा संदेश पाठवते. गंमत अशी, की गाडी जुनी विकत घेतलेली असेल, तर ते पत्र पहिल्या मालकाकडेच जाण्याची शक्यता असते! म्हणून वाट पाहत बसू नका. येत्या रविवारी आईबाबांना घेऊन एवढं कराच :

१. गाडीचं आर. सी. काढा. ‘एम. एच. ४६’ हा नंबर पनवेलचा, पण इथे तो कामाचा नाही. आपल्याला हवा चॅसिस नंबर. हल्लीच्या गाड्यांत तो १७ अक्षरं-अंकांचा असतो. त्यात आय, ओ आणि क्यू ही इंग्रजी अक्षरं कधीच नसतात, कारण १ आणि ० शी घोटाळा होतो.

२. हा नंबर कंपनीच्या वेबसाइटवर टाकून पाहा, नाहीतर अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये विचारा, “या गाडीचा रिकॉल बाकी आहे का?”

३. असेल तर तारीख ठरवून घ्या. रिकॉलच्या कामाचे पैसे द्यायचे नसतात. कुणी फोनवर पैसे किंवा ओटीपी मागितला, तर फोन सरळ ठेवून द्या.

४. काम झालं की तसा कागद मागून घ्या आणि आर. सी. सोबत जपून ठेवा.

आणि हो, आजी-आजोबांची जुनी स्कूटर विसरू नका हं! रिकॉल दुचाकींचाही होतो.