गाळा, बादल्या आणि पंचांग

फुलांचं दुकान काढायला निघालेल्या माणसाची वही उघडली तर पहिल्या पानावर चारच ओळी सापडतात. गाळ्याचं डिपॉझिट, काचेच्या दाराचा फ्रिज, पाटी, रंगरंगोटी. खाली बेरीज, बेरजेखाली दोन रेघा. कर्जासाठी बँकेत हेच पान जातं. पुढे दुकान बसलंच, तर ते या चार ओळींपायी क्वचित बसतं. वहीत न लिहिलेल्या दोन गोष्टी त्याला खाली आणतात. एक नासाडी आणि दुसरं पंचांग.

आधी स्वस्त भाग उरकून टाकू. सरकारी कागदपत्रांची लोक जेवढी धास्ती घेतात तेवढा खर्च त्यात नाही. महाराष्ट्राच्या २०१७च्या दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे वीसपेक्षा कमी माणसं कामाला असतील तर नोंदणी लागत नाही, ऑनलाइन सूचना दिली की भागतं. ताज्या फुलांवर जीएसटी नाही. उद्यम नोंदणी फुकट आहे (तीही करून देण्याचे पैसे घेणारे एजंट आहेतच). भाडेकरार मात्र नोंदवावाच लागतो. त्याचं मुद्रांक शुल्क पाव टक्का. महिना वीस हजार भाडं, एक लाख वीस हजार अनामत आणि तीन वर्षांचा करार धरला, तर अनामतीवरचं धरायचं ते व्याज मिळवूनही शुल्क दोन हजारांच्या आत राहतं. वर महापालिका हद्दीत नोंदणीचे एक हजार. पाटी मराठीत, देवनागरीत हवी. २०२२च्या दुरुस्तीनंतर हा नियम छोट्या दुकानांनाही लागू आहे.

फ्रिजपायी मात्र लोक उगाच जीव टाकतात. गुलाब आणि कार्नेशन दोन ते चार अंशांत खूश असतात. ऑर्किड, अँथुरियम ही उष्ण प्रदेशातली फुलं. त्याच थंडीत त्यांना ठेवलं की ती काळवंडतात. बारा-तेरा अंशांच्या खाली त्यांना नेऊच नये. म्हणजे एका फ्रिजमध्ये दोघांचं नांदणं कठीण. त्यात दुकानातल्या पोराने डब्यासोबत आणलेली केळी गारव्याला म्हणून आत ठेवली, तर मग विचारायलाच नको. पिकत्या फळातून इथिलीन वायू सुटतो आणि चांगलं फुललेलं कार्नेशन पाकळ्या आत ओढून घेतं. शिवाय विजेचं बिल व्यावसायिक दराने येतं, ते वेगळंच.

पहिल्या वर्षी खरं काम बादल्या करतात. देठ तिरका कापायचा, पाण्यात बुडतील ती पानं खुडून टाकायची, पाणी रोज बदलायचं, बादली घासायची. बुकेच्या तळाला जो हिरवा स्पंज असतो, ज्याला बाजारात सगळे ओअ‍ॅसिसच म्हणतात, तो अमेरिकेत व्हर्नन स्मिथर्स यांनी १९५४ साली काढला. नवशिका कारागीर तो पाण्यात दाबून बुडवतो. वरून वीट चिंब दिसते, पण पोटात हवा अडकून राहते, आणि त्या कोरड्या जागी टोचलेलं फूल दुपारपर्यंत मान टाकतं. ती वीट पाण्यावर नुसती ठेवायची, आपल्या वजनाने बुडू द्यायची. एवढं शिकवायचं राहिलं म्हणून परत आलेल्या बुक्यांचा खर्च कुठल्या रकान्यात घालायचा?

नासाडीचा हिशोब एकदा मांडूनच पाहावा. समजा, घाऊक बाजारातून शंभर गुलाब दहा रुपयांना एक या भावाने घेतले. हजार रुपये गेले. त्यातले पंचवीस मोडले, उमलून गेले किंवा तिसऱ्या दिवशी फेकावे लागले. उरले पंच्याहत्तर. म्हणजे प्रत्येक गुलाब आता तेरा रुपये तेहेतीस पैशांना पडला. विकला वीसला. गिऱ्हाइकाला वाटतं, दामदुप्पट! प्रत्यक्षात हाती येतात सहा रुपये सदुसष्ट पैसे. आता वीस हजार भाड्याचे रोजचे होतात सहाशे सदुसष्ट रुपये. नुसतं भाडं निघायला रोज शंभर गुलाब विकले गेले पाहिजेत. कागद, रिबिन, वीज, पोराचा पगार आणि मालकाचं पोट यांची अजून सुरुवातही झालेली नाही.

खरेदीलाही अक्कल लागते, आणि ती झोप मोडून येते. दादर पश्चिमेच्या मीनाताई ठाकरे फूलमंडईत काय किंवा पुण्यात गुलटेकडीच्या मार्केट यार्डात काय, दिवस उजाडायच्या आत चांगला माल हलतो. पुरंदरचा झेंडू, तळेगाव-मावळच्या पॉलिहाऊसमधला वीस-वीसच्या गड्डीतला गुलाब, थायलंडहून विमानाने येणारं ऑर्किड. उन्हं चढली की भाव उतरतो, पण फुलांचं आयुष्यही उतरलेलं असतं. स्वस्त मिळालं म्हणून दहाला उचललेला माल संध्याकाळी महाग पडतो.

पंचांगाचं दुखणं याहून खोल आहे. फुलांच्या धंद्यात बाराही महिने सारखे नसतात हे सगळ्यांना माहीत असतं, पण पैशांची तजवीज करताना कुणाच्या लक्षात राहत नाही. आषाढी एकादशीनंतर लग्नं थांबतात, ती तुळशीच्या लग्नापर्यंत. श्रावण, गणपती, नवरात्र यांत हार आणि सुटी फुलं विकणाऱ्याचं चांगलं चालतं. बुके आणि डेकोरेशनवर बसलेला मात्र माश्या मारतो. पितृपक्षात दोघांचीही मंदी. नवं दुकान बहुतेक जण दसऱ्याच्या मुहूर्तावर उघडतात. मग दिवाळी, मग लग्नसराई, मार्गशीर्षातले गुरुवार, फेब्रुवारीतला गुलाबांचा आठवडा. चार-पाच महिने गल्ला भरलेला पाहून माणूस त्याच आकड्यांवर दुसरा गाळा बघायला लागतो. व्हॅलेंटाइनच्या आठवड्यात विकायचा गुलाब महागतो तसा घ्यायचाही महागतो, कारण मावळातला चांगला माल परदेशी चाललेला असतो, हेही तेव्हा ध्यानात येत नाही. दसऱ्याला ताठ्यात असलेला झेंडू दुसऱ्या दिवशी मंडईबाहेर ढिगाने पडलेला असतो, तो मात्र सगळे पाहतात.

त्यात अधिक मास. २०२६ साली अधिक ज्येष्ठ येतो १७ मे ते १५ जून, म्हणजे ऐन लग्नसराईत. जावयांना अनारसे मिळतील, फूलवाल्याला मंडप मिळणार नाहीत. आणि तो सरल्यावर कार्यं सुरू व्हावीत तर थोड्याच दिवसांत चातुर्मास आहेच. ज्याने तीन महिन्यांचं भाडं आणि पगार बाजूला काढून ठेवलेला नाही, त्याने काचेच्या फ्रिजला हात लावू नये, असं या सदराचं स्पष्ट मत आहे.

उधारीचं तर बोलूच नये. मंडईत रोखीने घ्यायचं आणि हॉटेल, हॉल, इव्हेंटवाल्यांना उधारीवर द्यायचं, असा हा उफराटा व्यवहार. लग्नघरी इसार मिळतो, पण उरलेल्या रकमेची वेळ आली की स्टेजवरची फुलं कशी कमी होती याची आठवण निघते. छोट्या उद्योगांची बिलं ४५ दिवसांत द्यायचा कायदा आहे ना, असं कुणी म्हणेल. किरकोळ आणि घाऊक व्यापाऱ्यांना २०२१ पासून उद्यम नोंदणी मिळते खरी, पण ती बँकांच्या प्राधान्य कर्जापुरती. थकलेल्या बिलाचं संरक्षण त्यांना त्यातून मिळत नाही. मुद्रा योजनेत शिशु गटात पन्नास हजारांपर्यंत आणि किशोर गटात पाच लाखांपर्यंत तारणाशिवाय कर्ज मिळू शकतं. ते फर्निचरला न घालता रोजच्या खरेदीसाठी राखून ठेवणारा माणूस पुढे टिकायची शक्यता जास्त.

याच धंद्यात उधारी नसलेला एक जुना प्रकार आहे. दाराच्या कडीला सकाळी अडकवलेली फुलपुडी. चार फुलं, दूर्वा, तुळस, बेलाची दोन पानं; महिन्याचे पैसे ठरलेले. बंगळुरूच्या यशोदा आणि रिया करुतुरी या बहिणींनी २०१९ साली पूजेच्या फुलांचा हूवू हा ब्रँड काढला, तो याच रोजच्या गरजेवर. फूल जास्त दिवस टिकेल असं पॅकिंग करून त्यांनी ही पुडी दूरवर पोचवली आणि शार्क टँक इंडियाच्या दुसऱ्या पर्वापर्यंत मजल मारली. पुण्या-मुंबईतल्या छोट्या दुकानदाराला एवढं लांब जायची गरज नाही. दहा रुपयांच्या पुडीमागे चार रुपये सुटतात असं धरलं, तर एका घरामागे महिन्याला एकशे वीस. वीस हजार भाडं निघायला पावणेदोनशेच्या आसपास घरं लागतात. दोन-तीन मोठ्या सोसायट्या धरल्या तर ती जमतातही, आणि पुडीला पितृपक्ष नाही की अधिक मास नाही. मात्र ती रोज पहाटे साडेपाचला जिने चढून टाकणारा माणूस शोधावा लागतो, आणि त्याचा पगार वरच्या चार रुपयांत धरलेला नाही.